अमेरिकेत सरपणासाठी पिकअप घेताना: आधी लाकडाचं वजन, मग ट्रक

व्हरमाँट, न्यू हॅम्पशर, मिशिगन किंवा न्यूयॉर्क राज्याच्या उत्तरेकडे घर घेतलं, की पहिल्याच हिवाळ्यात प्रोपेनचं बिल येतं आणि तळघरातल्या लाकडाच्या शेगडीकडे लक्ष जातं. पाठोपाठ सरपण आणायला पिकअप घ्यायचा विचार सुरू होतो. जाहिरातीत मोठ्या अक्षरात ‘११,००० पौंड ओढतो’ असं असतं, आणि नवा माणूस तोच आकडा धरून ट्रक शोधायला लागतो. सरपणाच्या कामात ओढायची ताकद सहसा कमी पडत नाही. पाठीवर वजन घ्यायची मर्यादा मात्र भराभर संपते, आणि तो आकडा जाहिरातीत शोधूनही सापडत नाही.

खालचे टप्पे मुख्यतः पाच ते पंधरा वर्षं जुना ट्रक घेणाऱ्यांसाठी आहेत. कोरा ट्रक घेत असाल तर सहावा टप्पा सोडा, बाकी सगळं तुम्हालाही लागू आहे.

१. वर्षाला किती सरपण लागतं ते ठरवा

इथे सरपण ‘कॉर्ड’ या मापाने विकतात. चार फूट उंच, चार फूट रुंद, आठ फूट लांब अशी नीट रचलेली रास म्हणजे एक कॉर्ड, १२८ घनफूट. ‘फेस कॉर्ड’ म्हणजे सोळा इंची तुकड्यांची एकच रांग, चार फूट उंच आणि आठ फूट लांब. ती कॉर्डच्या फक्त एक तृतीयांश भरते, जेमतेम ४३ घनफूट. जाहिरातीत नुसतं ‘कॉर्ड’ लिहून फेस कॉर्ड देणारे भेटतात, म्हणून फोनवरच तुकड्यांची लांबी आणि राशीची खोली विचारा. ‘एक ट्रकभर’ हे माप नव्हे. अनेक राज्यांत सरपण कॉर्डमध्ये किंवा कॉर्डच्या भागातच विकावं असा नियम आहे.

शनिवार-रविवारी हौसेने शेगडी पेटवणाऱ्याला एक ते दोन कॉर्ड पुरतात. उत्तरेकडच्या थंडीत मध्यम घर मुख्यतः लाकडावर तापवायचं तर चार ते सहा कॉर्ड धरा.

दोन कॉर्डपर्यंत काम असेल तर आमचं मत स्पष्ट आहे: पिकअप घेऊ नका. सरपण घरपोच मागवा. नाहीतर दारात आहे त्याच एसयूव्हीला पाच बाय आठ फुटांचा छोटा ट्रेलर लावा. बऱ्याच मध्यम एसयूव्ही ३,५०० पौंड ओढतात. पिकअपचा विमा, टायर, पेट्रोल आणि वर्षभर अडणारी जागा यांचा हिशोब मांडला तर दोन कॉर्ड लाकूड सोन्याच्या भावाने पडतं. जागा भरपूर असेल तर आणखी एक वाट आहे. न कापलेले लांब ओंडके मोठ्या लॉग ट्रकने एकदम मागवायचे आणि अंगणातच कापून फोडायचे. ते स्वस्त पडतात आणि पिकअपही लागत नाही.

जंगलातून स्वतः लाकूड आणायचं असेल, ट्रेलर किंवा बोट ओढायची असेल आणि वर्षाला चार कॉर्डच्या वर काम असेल, तर पुढे वाचा.

२. लाकडाचं वजन समजून घ्या

एका कॉर्डचं साधारण वजन असं:

- रेड ओक: वाळलेला ३,६०० पौंड, ओला ४,९०० पौंड
- शुगर मेपल: वाळलेला ३,७०० पौंड, ओला ४,७०० पौंड
- व्हाइट पाइन: वाळलेला सव्वादोन ते अडीच हजार पौंड

एक पौंड म्हणजे ०.४५ किलो. म्हणजे ओल्या ओकचा एक कॉर्ड सव्वादोन टनांच्या आसपास जातो. घनफुटावर आणलं तर वाळलेला ओक २८ पौंड आणि ओला ३८ पौंड. हे दोन आकडे पाठ करा, पुढचा सगळा हिशोब त्यांच्यावर चालतो.

नुकतं तोडलेलं लाकूड आणणार असाल तर हिशोब ओल्या वजनाचाच धरा. शेगडीत जाळायला ओलावा २० टक्क्यांच्या खाली लागतो, आणि ओकला तिथवर यायला फोडून रचल्यावर दोन वर्षं सहज लागतात. तेव्हा जंगलातून जे आणाल ते जड असणारच.

३. दाराच्या खांबावरचं स्टिकर वाचा

चालकाचं दार उघडा. खांबावर पिवळ्या-पांढऱ्या रंगाचं टायर आणि वजनाचं स्टिकर असतं. माणसं आणि सामान मिळून अमुक पौंडांपेक्षा जास्त नको, अशी त्यावर ओळ असते. तोच या ट्रकचा खरा पेलोड. माहितीपत्रकातला पेलोड त्या मॉडेलच्या सर्वांत हलक्या ट्रकचा असतो. दारावरचा आकडा मात्र तुमच्यासमोर उभ्या असलेल्या ट्रकचा, त्याच्या सनरूफ, चामडी सीट आणि मोठ्या चाकांसकट काढलेला असतो. एकाच वर्षाच्या दोन फोर्ड एफ-१५० मध्ये हा आकडा १,३०० पासून ३,००० च्या वरही निघतो. म्हणून विक्रेत्याला भेटायला जाण्याआधी या स्टिकरचा फोटो मागवा. फोटो द्यायला टाळाटाळ झाली तर तो ट्रक सोडून द्या.

२००६ पूर्वीच्या ट्रकांवर ही ओळ बहुधा नसते, आणि १०,००० पौंडांहून जड वर्गातल्या ट्रकांनाही ती बंधनकारक नाही. तिथे दुसऱ्या स्टिकरवरचा जीव्हीडब्ल्यूआर, म्हणजे ट्रकचं भरलेलं कमाल वजन बघा. त्यातून काट्यावर केलेलं रिकाम्या ट्रकचं वजन वजा करा.

आता उदाहरण. चार दारांचा अर्धाटनी (एफ-१५० च्या वर्गातला) ट्रक, स्टिकरवर १,४५० पौंड.

- दोन माणसं: ३३० पौंड
- चेन सॉ, पेट्रोल, तेल, पाचरी, साखळ्या: ७० पौंड
- हौद्यातली रबरी चटई: १०० पौंड
- लाकडासाठी उरले: ९५० पौंड

९५० भागिले २८, म्हणजे वाळलेला ओक ३४ घनफूट, पाव कॉर्डपेक्षा थोडा जास्त. ओला असेल तर २५ घनफूट, एक पंचमांश कॉर्ड. साडेसहा फुटी हौद्यात ६२ घनफूट मावतं. मर्यादा गाठली तेव्हा हौदा अर्ध्याच्या आसपासच भरलेला दिसतो, आणि ‘अजून थोडं बसेल’ म्हणून सगळे तिथेच जास्त भरतात.

एअर बॅग किंवा जादा स्प्रिंग लावल्याने मागची बाजू खाली बसत नाही, पण पेलोड एका पौंडानेही वाढत नाही. ब्रेक, ॲक्सल, बेअरिंग आणि चासी तीच राहतात. ‘हेल्पर स्प्रिंग टाकल्यात, दोन टन घेतो’ असं सांगणाऱ्याचा ट्रक बहुधा वाकलेला असतो.

४. आकार निवडा

अर्धाटनी, पाऊणटनी आणि एकटनी ही नुसती जुनी नावं आहेत, पेलोड दारावरच बघायचा. एफ-१५०, सिल्व्हेराडो १५००, रॅम १५०० आणि टुंड्रा हे अर्धाटनी. एफ-२५० आणि २५०० आकड्याचे ट्रक पाऊणटनी. टकोमा, कोलोरॅडो, रेंजर, फ्रंटिअर हे मध्यम. बऱ्याच मध्यम ट्रकांचा पेलोड हजार-बाराशे पौंडच असतो, त्यातून दोन माणसं वजा केली की सरपणाला फारसं काही उरत नाही. ट्रेलर जोडूनच काम करायचं असेल तर मध्यम ट्रक चालतो.

सरपणासाठी आमची पसंती: पाऊणटनी, पेट्रोलवर चालणारा, दोन दारांचा किंवा दीड केबिनचा, आठ फुटी हौद्याचा, फोर व्हील ड्राइव्ह. असे ट्रक शहरी गिऱ्हाईक घेत नाही, त्यामुळे चार दारांच्या चकचकीत ट्रकपेक्षा स्वस्त मिळतात. आठ फुटी हौद्यात अर्धा कॉर्ड, म्हणजे ६४ घनफूट, कठड्याच्या वर न जाता रचून बसतो. स्टिकरवर ३,००० पौंड असतील तर ओल्या ओकचा अर्धा कॉर्डही मर्यादेत राहतो. साडेपाच फुटी हौद्यात जेमतेम ५३ घनफूट बसतं आणि मागचा फाळका उघडा ठेवून ओंडके बाहेर काढायची वेळ येते.

डिझेलचा मोह टाळा. डिझेल इंजिन कित्येक शे पौंड जास्त जड असतं आणि ते वजन थेट पेलोडमधून जातं. शिवाय घर ते जंगल अशा छोट्या फेऱ्यांत धूर गाळणारा फिल्टर तापतच नाही, काजळीने तुंबतो, आणि त्याची दुरुस्ती महाग असते. दर आठवड्याला जड ट्रेलर घेऊन लांब जाणाऱ्यालाच डिझेल परवडतं.

भारतात दिसणारी टोयोटा हायलक्स किंवा बोलेरोसारखा साधा पिकअप इथे का मिळत नाही, असा प्रश्न पडतो. १९६४ पासून अमेरिकेत आयात होणाऱ्या हलक्या ट्रकांवर २५ टक्के कर आहे. युरोपने अमेरिकन कोंबडीवर लावलेल्या जकातीला उत्तर म्हणून तो बसवला, म्हणून त्याला ‘चिकन टॅक्स’ म्हणतात. कोंबडीचं भांडण कधीच मिटलं, कर तसाच राहिला.

५. ओढण्याचा हिशोब

ट्रेलरच्या भरलेल्या वजनाचा १० ते १५ टक्के भार हिचवर (ट्रकच्या मागे ट्रेलर अडकवायच्या जोडावर), म्हणजे ट्रकच्या पाठीवर येतो. हा भार पेलोडमध्येच मोजायचा असतो. ५,००० पौंडांच्या ट्रेलरचे ५०० ते ७५० पौंड हिचवर बसतात. वरच्या उदाहरणात ९५० उरले होते, त्यातून ६०० गेले की हौद्यात ३५० पौंडांचंच लाकूड घालता येतं. हौदाही भरायचा आणि ट्रेलरही, असं अर्धाटनी ट्रकला जवळजवळ कधीच झेपत नाही. अर्धाटनी ट्रक घेतलाच तर लाकूड ट्रेलरमध्ये टाका आणि हौद्यात फक्त अवजारं ठेवा.

ट्रेलर निवडताना त्याचंही स्टिकर वाचा. एका ॲक्सलच्या सहा बाय बारा फुटी ट्रेलरचं भरलेलं कमाल वजन बहुधा २,९९० पौंड असतं. स्वतःचं वजन वजा केलं की १,९०० च्या आसपास उरतात, म्हणजे वाळलेल्या ओकचा अर्धा कॉर्ड. पूर्ण कॉर्ड न्यायचा तर दोन ॲक्सलचा ७,००० पौंडी ट्रेलर हवा, आणि त्याला ब्रेक हवेत. बहुतेक राज्यांत ३,००० पौंडांच्या वर ट्रेलरला स्वतःचे ब्रेक बंधनकारक आहेत, काही राज्यांत त्याहून कमी वजनालाही.

ट्रकवर काय असायला हवं:

- दोन इंची चौकोनी हिच रिसीव्हर, क्लास तीन किंवा वरचा. मर्यादेचं लेबल वाचता यायला हवं.
- सात पिनांचं सॉकेट. चार पिनांच्या चपट्या सॉकेटमधून फक्त दिवे लागतात, ट्रेलरचे ब्रेक लागत नाहीत.
- ब्रेक कंट्रोलर, म्हणजे चालकाजवळची ट्रेलरच्या ब्रेकांची कळ. डॅशबोर्डमध्ये नसेल तर वेगळा बसवता येतो.
- गिअरबॉक्सचा कूलर आणि योग्य ॲक्सल रेशो. ३.७३ चा ट्रक ३.३१ पेक्षा चढावर जड ट्रेलर सहज ओढतो.

मागे हिच दिसला म्हणजे कंपनीचं टो पॅकेज (ओढण्यासाठी कारखान्यातच बसवलेला संच) आहे असं धरू नका. बाहेरून हिच लावलेल्या ट्रकला बहुधा कूलर नसतो आणि अशाच ट्रकचा गिअरबॉक्स आधी जळतो. व्हीआयएन, म्हणजे गाडीच्या ओळख क्रमांकावरून डीलरकडे मूळ स्टिकर मिळतं, त्यात टो पॅकेज नोंदलेलं असतं.

६. ट्रक तपासा

सोबत न्या: टॉर्च, छोटा हातोडा, जुनी चटई, हातमोजे, फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक, वीस-तीस डॉलरचा ओबीडी-२ रीडर (गाडीच्या संगणकातले बिघाडाचे कोड वाचणारा), सात पिनांचा टेस्टर. विक्रेत्याला आधीच सांगा की इंजिन थंड ठेवा. पोचल्यावर बॉनेटला हात लावा. गरम लागलं तर काहीतरी लपवायला आधीच चालू केलंय असं समजा.

*चासी सर्वांत आधी.* उत्तरेत हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात, आणि ट्रक इंजिनाने मरत नाही इतका चासी कुजून मरतो. चटई टाकून खाली झोपा. मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांचे आधार जिथे चासीला जोडलेत ती जागा, मागच्या ॲक्सलच्या वरची कमान, स्टेपनीच्या वरचा आडवा दांडा आणि हिचचे बोल्ट बघा. हातोड्याने ठोका. चांगल्या पोलादाचा टणत्कार येतो, कुजलेलं बद्द वाजतं आणि पापुद्रे गळतात. वरवरचा तांबूस गंज चालतो, पापुद्रे सुटणारा चालत नाही. विक्रीच्या आठवड्यात फासलेलं ताजं काळं डांबर दिसलं तर ते गंज झाकायलाच असतं.

२००५ ते २०१० च्या टकोमांच्या चासी गंजण्यावरून टोयोटाने अमेरिकेत सामूहिक दाव्यात तडजोड केली आणि अनेकांच्या चासी बदलून दिल्या. त्या काळातला टकोमा असेल तर चासी बदलल्याची पावती मागा. २०१५ पासूनच्या एफ-१५० ची बॉडी ॲल्युमिनियमची आहे, तिला चुंबक चिकटणार नाही. पण तिची चासी पोलादीच आहे, तेव्हा चकचकीत दारं बघून खाली झोपायचा कंटाळा करू नका.

चासीच्या आतल्या बाजूने जाणाऱ्या ब्रेकच्या पोलादी नळ्याही बघा. त्या गंजून फुटतात, आणि भरल्या ट्रेलरसह उतारावर फुटल्या तर पेडल सरळ तळाला जातं.

*बर्फ ढकलायला वापरला होता का?* न्यू इंग्लंडमध्ये हा प्रश्न विचारायचाच. पुढच्या बंपरखाली नांगर अडकवायचे जाड कंस, ग्रिलमागे तोडलेल्या वायरी आणि डॅशबोर्डवर स्विचची भोकं अशा खुणा असतात. पुढे-मागे, पुढे-मागे करून अशा ट्रकचा गिअरबॉक्स आणि पुढचं सस्पेन्शन झिजलेलं असतं. माइल कमी दिसतात म्हणून फसू नका. कंपनीच्या ताफ्यातून आलेल्या ट्रकचे इंजिनाचे तासही बघा. फोर्ड आणि जनरल मोटर्सच्या बऱ्याच ट्रकांत ते डॅशबोर्डवर दिसतात. उभ्या इंजिनाचा एक तास साधारण तीस मैलांइतका झिजवतो असं धरतात.

*इंजिन.* थंड असताना सुरू करून कान द्या. सुरुवातीला टकटक येऊन गरम झाल्यावर थांबली तर एक्झॉस्ट मॅनिफोल्डचा बोल्ट तुटलेला असू शकतो. रॅमच्या ५.७ लिटर हेमी इंजिनात हे वारंवार होतं. गरम झाल्यावर मंद गतीत खडखड आली तर जास्त धोका. २००४ ते २०१० च्या फोर्डच्या तीन व्हॉल्व्हच्या ५.४ लिटर इंजिनात कॅम फेझर आणि टायमिंग चेनचा हाच आवाज असतो. जनरल मोटर्सच्या ५.३ लिटरमध्ये सिलिंडर बंद-चालू करणाऱ्या प्रणालीचे लिफ्टर जातात. इंजिन अडखळत असेल तर दुरुस्ती हजारो डॉलरची.

*रीडर लावा.* बिघाडाचे कोड नाहीत एवढ्यावर समाधान मानू नका. ‘रेडिनेस’ चाचण्या, म्हणजे गाडीचा संगणक स्वतःच करतो त्या तपासण्या, पूर्ण आहेत का ते बघा. बऱ्याच चाचण्या अपूर्ण दिसल्या तर कोड बहुधा नुकतेच पुसलेले असतात.

*चालवा.* वीस-तीस मिनिटं, त्यात महामार्ग आणि एक चढ हवा. गिअर पडताना धक्का किंवा वर-खाली घोटाळा नको. फोर व्हील ड्राइव्ह वाळूच्या किंवा मातीच्या रस्त्यावर लावून बघा. कोरड्या डांबरावर लावून वळवलं तर तो अडकतो आणि नुकसानही होतं. लो रेंजसुद्धा (चिखल-चढासाठीचा हळू, जोरदार गिअर) लागतो का बघा, कारण वर्षानुवर्षं न लावल्याने त्याची मोटर जाम झालेली असते.

*टायर.* बाजूच्या डॉट क्रमांकाचे शेवटचे चार अंक तारीख सांगतात. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. सहा वर्षांपुढचे टायर खोल नक्षीचे असले तरी बदलायच्या यादीत धरा. अक्षर एलटी असेल तर टायर ट्रकचे, पी असेल तर कारचे. पाऊणटनी ट्रकवर कोणी पी टायर चढवले असतील तर किमतीतून चार नवे टायर वजा करून बोला.

हे सगळं पटलं तरी गावातल्या स्वतंत्र मेकॅनिककडून ट्रक लिफ्टवर चढवून बघून घ्या. शंभर ते अडीचशे डॉलर जातात. विक्रेता नाही म्हणाला तर तुम्हीही नाही म्हणा.

७. कागदपत्रं आणि पैसे

विक्रेत्याकडून:

- टायटल, म्हणजे मालकीचा दाखला. त्यावरचं नाव आणि समोरच्याचं ओळखपत्र एकच हवं.
- कर्ज फेडल्याचं पत्र, टायटलवर बँकेचं नाव असेल तर
- विक्रीची पावती: तारीख, रक्कम, व्हीआयएन, दोघांच्या सह्या
- ओडोमीटरचं निवेदन. २०११ आणि पुढच्या मॉडेलना ते वीस वर्षं बंधनकारक आहे.

तुमच्याकडून: ड्रायव्हिंग लायसन्स, राहत्या पत्त्याचा पुरावा, विम्याचं पत्र.

टायटलवर तिसऱ्याच माणसाचं नाव असेल आणि ‘मित्राचा ट्रक आहे, त्याने सही करून ठेवलीय’ असं ऐकू आलं तर निघून या. ‘सॅल्व्हेज’ (मोडीत काढलेला) किंवा ‘रीबिल्ट’ (मोडीतून पुन्हा उभा केलेला) शिक्का असेल तर विमा आणि पुढची विक्री दोन्ही अवघड होतात. व्हीआयएनचे सतरा अंक-अक्षरं डॅशबोर्डवर, दारावर आणि टायटलवर सारखी हवीत. एनएचटीएसए या सरकारी रस्तासुरक्षा संस्थेच्या साइटवर रिकॉल (दोषामुळे कंपनीने परत बोलावल्याची नोंद) आणि एनआयसीबी या विमा-गुन्हे तपासणाऱ्या संस्थेच्या साइटवर चोरीची नोंद फुकट तपासता येते.

व्यवहार बँकेत करा. कॅशियर्स चेक (बँकेच्या हमीचा चेक) तिथेच बनवा, तिथेच टायटलवर सही घ्या. डीलरकडून घेत असाल तर खिडकीवरच्या ‘बायर्स गाइड’वर ‘ॲज इज’ची (आहे तसा, हमीशिवाय) खूण आहे का बघा. असेल तर दारातून बाहेर पडल्यावर डीलरची जबाबदारी संपली. क्रेडिट हिस्ट्री नवी असेल तर कर्जासाठी डीलरआधी क्रेडिट युनियनमध्ये (सभासदांच्या सहकारी पतसंस्थेत) विचारा.

८. नोंदणी, विमा, रस्ते

काही राज्यांत पिकअपला कारची नंबरप्लेट मिळत नाही. इलिनॉयमध्ये ८,००० पौंडांपर्यंतच्या पिकअपला ‘बी ट्रक’ प्लेट लागते. ट्रेलरची नोंदणी वेगळी. विक्रीकर तुमच्या राज्यात नोंदणीच्या वेळी भरावा लागतो, त्यामुळे विक्रीकर नसलेल्या न्यू हॅम्पशरमधून ट्रक आणून मॅसॅच्युसेट्सचा कर वाचत नाही.

ट्रेलर जोडून जीपीएसवर डोळे मिटून विश्वास ठेवू नका. कनेक्टिकटच्या मेरिट पार्कवेवर आणि न्यूयॉर्कच्या बऱ्याच पार्कवेंवर ट्रेलरला बंदी आहे. घर एचओएच्या (घरमालकांच्या संघटनेच्या) वसाहतीत असेल तर ट्रक घेण्याआधी नियम वाचा. काहींना दारात ट्रेलर चालत नाही, काहींना सरपणाची उघडी रासही नाही.

९. भरणं आणि जोडणं

लाकूड रचून भरलं तर हौद्यात जास्त बसतं. फेकून भरलं तर एका कॉर्डला १८० ते २०० घनफूट जागा लागते. पहिली रांग केबिनला चिकटवून, वजन मागच्या ॲक्सलच्या पुढे. मागून हौद्यात ओंडके फेकू नका, पहिल्याच मोसमात मागची काच फुटते. काचेसमोर लोखंडी जाळी किंवा निदान जाड प्लायवूड उभं करा. वरून जाळी टाकून रॅचेटच्या पट्ट्यांनी आवळा. रस्त्यावर ओंडका पडला तर दंड होतो, आणि मागच्या गाडीचं नुकसान तुमच्या माथी येतं.

ट्रेलर जोडताना याच क्रमाने जा:

१. बॉलवरचा (हिचवरच्या गोळ्यावरचा) छापलेला आकार आणि कपलरवरचा (त्यावर बसणाऱ्या ट्रेलरच्या तोंडावरचा) आकार सारखा आहे का बघा. दोन इंचाच्या कपलरमध्ये एक आणि सात अष्टमांश इंचाचा बॉल बसल्यासारखा वाटतो आणि खड्ड्यात निसटतो.
२. कपलर बंद करून पिन घाला, मग जॅकने उचलून बघा. ट्रकची मागची बाजू वर आली पाहिजे.
३. साखळ्या खालून एकमेकींवरून ओलांडून अडकवा.
४. ब्रेकअवेची तार (ट्रेलर सुटला तर त्याचे ब्रेक आपोआप लावणारी) ट्रकलाच अडकवा, साखळीला नाही.
५. प्लग लावून सगळे दिवे दुसऱ्याकडून बघून घ्या.
६. मोकळ्या रस्त्यावर ताशी वीस-पंचवीस मैलांवर कंट्रोलरने फक्त ट्रेलरचे ब्रेक दाबा. चाकं घसटेपर्यंत गेन (ब्रेकचा जोर) वाढवा, मग थोडा कमी करा.
७. पन्नास मैलांनंतर चाकांचे नट पुन्हा आवळा.

ट्रेलरमध्ये साठ टक्के वजन ॲक्सलच्या पुढे ठेवा. मागे जास्त भरलं तर ट्रेलर शेपटासारखा हलायला लागतो. हलायला लागला तर ट्रकचे ब्रेक दाबू नका. स्टिअरिंग सरळ धरा, ॲक्सिलरेटर सोडा आणि हाताने कंट्रोलरवरून ट्रेलरचे ब्रेक लावा. ट्रेलरसाठीच्या एसटी खुणेच्या टायरांपैकी बऱ्याच टायरांची वेगमर्यादा ६५ मैल असते.

पहिल्या भरल्या फेरीत ट्रक स्टॉपवरच्या कॅट स्केल या वजनकाट्यावर थांबा. पुढचा ॲक्सल, मागचा ॲक्सल आणि ट्रेलर यांचं वजन वेगवेगळं छापून मिळतं. ती चिठ्ठी डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवा, पुढच्या वेळी किती भरायचं ते त्यावरून कळतं.

१०. लाकूड नेण्याचे नियम

एमराल्ड ॲश बोरर ही हिरव्या भुंग्याची कीड २००२ मध्ये मिशिगनमध्ये सापडली आणि तिने ॲशची झाडं मारली. ती सरपणातून पसरते. म्हणून न्यूयॉर्कमध्ये उष्णतेची प्रक्रिया न केलेलं सरपण ५० मैलांपेक्षा दूर नेता येत नाही, आणि स्वतः तोडलेल्या लाकडासोबतही ते कुठलं याचा दाखला स्वतः भरून ठेवावा लागतो. न्यूयॉर्क, व्हरमाँट, न्यू हॅम्पशर आणि मेनमध्ये बाहेरच्या राज्यातून प्रक्रिया न केलेलं सरपण आणायला बंदी आहे. पेनसिल्व्हेनियात २०१४ मध्ये आढळलेल्या स्पॉटेड लँटर्नफ्लाय या किडीची अंडी ओंडक्यांना चिकटतात, मातीच्या वाळलेल्या थापीसारखी दिसतात. भरण्याआधी खरवडून काढा.

राष्ट्रीय वनात घरगुती वापराचा परवाना रेंजर कार्यालयातून मिळतो. बहुधा मेलेलं किंवा पडलेलंच झाड कापता येतं, चेन सॉला स्पार्क अरेस्टर (ठिणग्या अडवणारी जाळी) लागतो, आणि अनेक वनांत लाकूड हलवण्याआधी भरावर टॅग लावायचा असतो. कोणता भाग खुला आहे त्याचा नकाशा परवान्यासोबत घ्या, रस्ते वसंतात चिखलामुळे बंद असतात. परवाना घरगुती वापराचा असतो, त्यातलं लाकूड विकता येत नाही. आणि एच-१बी व्हिसावर असाल तर स्वतःच्या जमिनीवरचं लाकूड फोडून विकण्याचा जोडधंदाही करू नका. तो परवानगीशिवाय केलेलं काम ठरतो.